भविष्यसूचक स्वप्ने आणि गिरणगावातील आकडा

पुढे घडावयाच्या घटनेची आगाऊ सूचना ज्यांतून मिळाली असे मानले जाते, त्या स्वप्नांना भविष्यसूचक स्वप्ने म्हणतात. देवतेने वा गुरूने स्वप्नात येऊन दिलेल्या आज्ञेस मराठीत ‘दृष्टांत’ अशी संज्ञा आहे. संत तुकारामांना बाबाजींनी स्वप्नात केलेला उपदेश हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. दृष्टांतात आदेश असतो. त्याचा खरेखोटेपणा तपासण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. भविष्यसूचक स्वप्नात मात्र विधान अभिप्रेत असते व ते पडताळता येते. तथापि बहुतेक स्वप्ने संदिग्ध असल्याने आणि त्यांच्या फलप्राप्तीस कालमर्यादा नसल्याने असा पडताळा क्वचितच शक्य होतो. मुंबईच्या गिरणगावात स्वप्नावरून आकडा लावण्याची जी रीत होती, तीत हा पडताळा दररोज होत असे. या दृष्टीने तिचा इतिहास उद्‌बोधक आहे.

प्राचीन विचार : अथर्ववेदाच्या परिशिष्टांपैकी अडुसष्टावे परिशिष्ट स्वप्नाध्याय या नावाने ओळखले जाते. जगद्देवाचा स्वप्नचिंतामणि हा ग्रंथही याच विषयाला वाहिलेला आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले असून त्यांपैकी पहिले पाच निष्फळ मानले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले यांतून उत्पन्न होणारी स्वप्ने भविष्य सांगत नाहीत, हा विवेक त्यात स्पष्ट दिसतो. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने खऱ्या ठरणाऱ्या बहुतेक स्वप्नांचे कारण योगायोग हेच दिले. ज्याला अनेक स्वप्ने पडतात, त्याचे एखादे घटनेशी जुळणारच, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे.

गिरणगावातील आकडा : भायखळा, माझगाव व कॉटन ग्रीन यांच्या दरम्यान असलेली घोडपदेव ही वस्ती तेथील दैवताच्या नावाने ओळखली जाते. कापडगिरण्या व गोदी यांच्या सान्निध्यामुळे येथे कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कापसाची वखार व बाजार शिवडीनजीक आल्यावर त्या परिसरास कॉटन ग्रीन हे नाव मिळाले. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांचे आकडे तारयंत्राने मुंबईस येत आणि त्यांवर पैजा लागत. ओपन, क्लोज हे आकड्याच्या व्यवहारातील शब्द या बाजारभावांचीच स्मृती होत.

हे भाव १९६१ मध्ये मिळेनासे झाल्यावर आकडे स्थानिक सोडतीने काढले जाऊ लागले. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये व रतन खत्री यांनी १९६४ मध्ये असे व्यवहार सुरू केले. आरंभी चिठ्ठ्या मडक्यात घालून काढीत, म्हणून या जुगारास मटका हे नाव पडले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली, तरी नाव टिकून राहिले. तीन आकड्यांची बेरीज करून तिचा एकम स्थानचा अंक ओपन म्हणून घोषित होई. दुसऱ्या वेळी त्याच रीतीने क्लोज निघे व दोहोंची मिळून जोडी होई. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ अन्वये हा व्यवहार बेकायदा असूनही तो गिरणगावात खोलवर रुजला. आकडा कोणता लावावा, याचे उत्तर अनेक जण स्वप्नात शोधीत. स्वप्नातील माणसांची संख्या, एखाद्या खोलीचा क्रमांक, मृत आप्ताची तिथी वा वय यांपैकी कशावरूनही आकडा काढता येई.

ही रीत केवळ मुंबईपुरती मर्यादित नाही. इटलीतील नेपल्स येथे सोडतीसाठी ‘स्मॉर्फिया’ नावाची स्वप्नसूची प्रचलित असून तीत १ ते ९० या अंकांना अर्थ दिलेले आहेत. मृत मनुष्य दिसल्यास ४७ व तो बोलला तर ४८, असे तिचे स्वरूप आहे. अमेरिकेतील आकड्यांच्या जुगारातही अशा स्वप्नपुस्तकांचा मोठा खप होता.

योगायोगाचे गणित : एका स्वप्नातून एकच अंक काढला, तर तो ओपनशी जुळण्याची शक्यता दहांत एक असते. परंतु एका स्वप्नातून सहसा अनेक अंक निघतात. तीन भिन्न अंक निघाले, तर ओपन व क्लोज यांपैकी निदान एकाशी त्यांतील एखादा जुळण्याची शक्यता ५१ टक्के होते. लावलेला अंक चुकला, तरी ‘आकडा स्वप्नात होता, ओळखता आला नाही’ असे वाटण्यास त्यामुळे जागा राहते. एखाद्या वस्तीत एक हजार माणसे रोज प्रत्येकी एक अंक लावीत आहेत असे धरल्यास दररोज सरासरी शंभर जणांचा ओपन जुळेल, दहा जणांचा सलग दोन दिवस व एकाचा सलग तीन दिवस जुळेल. त्या एकाची कीर्ती चाळीचाळींतून पसरते. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांची चर्चा होत नाही.

याहून निर्णायक पुरावा आकडा घेणाऱ्याच्या हिशेबात मिळतो. एकेरी अंकास साधारणतः नऊपट रक्कम दिली जाई. जुळण्याचे प्रमाण दहांत एक असल्याने शंभर रुपयांच्या लावणीतून सरासरी नव्वद रुपये परत जात व दहा रुपये उरत. स्वप्नांमुळे हे प्रमाण १० टक्क्यांवरून ११ टक्क्यांच्या थोडे वर गेले असते, तरी त्याचा नफा संपुष्टात आला असता. प्रत्यक्षात हा व्यवहार अनेक दशके भरभराटीत चालला. सोडतीत लबाडी होत असे हा आक्षेप खरा मानला, तरी न्यूयॉर्कचे भाव आकडा घेणाऱ्याच्या हाती नव्हते आणि त्या काळीही त्याचा धंदा बुडाला नाही.

स्मृती व निद्रा : जुळलेले स्वप्न लक्षात राहते, न जुळलेले विरून जाते. स्कॉट मॅडी व टॉमस गिलोविच यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वप्ने व घटना यांची रोजनिशी वाचकांना दिली असता, खरी ठरलेली स्वप्नेच त्यांना अधिक आठवली. अमेरिकेत १९३२ मध्ये लिंडबर्ग या वैमानिकाच्या मुलाचे अपहरण झाले, तेव्हा हेन्री मरे व डी. आर. व्हीलर यांनी लोकांकडून तत्संबंधीची स्वप्ने आधीच मागविली. सुमारे १,३०० स्वप्नांपैकी अंदाजे ५ टक्क्यांतच मूल मृत दिसले. मृत्यू, पुरलेला देह व झाडी हे तिन्ही तपशील केवळ चार स्वप्नांत होते.

युजीन ॲसरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शीघ्र नेत्रचलन निद्रेचा शोध प्रसिद्ध केला. ही अवस्था रात्रीतून चार-पाच वेळा येते आणि तीत असताना जाग आल्यास स्वप्न स्पष्ट आठवते. पाळ्यांमुळे अवेळी झोपणाऱ्या व दाटीच्या खोलीत वारंवार जाग येणाऱ्या कामगारास स्वप्ने अधिक आठवली असतील, हे यावरून सहज समजते. दिवसभर मनात घोळणारा आकडा रात्री दिसणे हेही स्वाभाविक होय. चरकाच्या वर्गीकरणात असे स्वप्न ‘प्रार्थित’ ठरेल.

काही स्वप्ने मात्र खरोखर पूर्वसूचक असतात. स्वप्नातील हालचाली झोपेत प्रत्यक्ष करण्याची विकृती १९८६ मध्ये वर्णिली गेली. ती जडलेल्या अनेकांत पुढे काही वर्षांनी कंपवात उद्‌भवतो. येथे भविष्य नव्हे, तर शरीरात आधीच सुरू झालेला बिघाड स्वप्नातून प्रकट होतो. ‘दोषज’ स्वप्नाची प्राचीन कल्पना याच्या जवळची आहे.

सामाजिक अर्थ : गिरणीतील बदली कामगारास आज काम मिळेल किंवा कसे, हे रोज फाटकाशी गेल्यावरच कळे. ज्याच्या मिळकतीस निश्चिती नाही, त्याला थोड्या पैशांत मोठी रक्कम देऊ करणारा आकडा आकर्षक वाटणे समजण्यासारखे आहे; स्वप्नाने त्या आशेला आधार दिला. जुळलेल्या आकड्याची वार्ता चाळभर होई, हरलेली मजुरी मात्र घरातच सोसावी लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या व आकड्याचे जुने स्वरूपही ओसरले. या साऱ्या काळात स्वप्नांनी उद्याचा आकडा सांगितल्याचा पुरावा मिळत नाही. स्वप्न पाहणाऱ्याची आजची विवंचना मात्र त्यांतून स्पष्ट होते.