नुसत्या एकांची संख्या

जत तालुक्यातल्या माळावरच्या शाळेत प्रयोगशाळा नसेल, पण फळा आणि खडू असतोच. आजच्या गणिताला याहून जास्त सामान लागत नाही. त्यात आयुष्य घालवणारे गृहस्थही शाळामास्तरच होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. कॉलेजात असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत मुलांना शिकवले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. मग पंडित मंडळींना त्यांचे अंक म्हणजे पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. तोवर हे मास्तर निवृत्त होऊन, पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या करीत होते! ते १९८६ साली वारले.

त्यांच्या 'डेम्लो' संख्या फार देखण्या. नाव एका रेल्वे स्टेशनावरून घेतलेले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एक घ्या, वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. घाट चढावा आणि उतरावा तसे अंक!

आता वर्ग राहू द्या, नुसत्या एकांची संख्याच घ्या. तिला भाग जातो का? ११ ला १ आणि ११ खेरीज कशानेच जात नाही. ती मूळ संख्या. पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७. सहा एक लिहिले तर १११ चे दोन गट पडतात, म्हणून १११ ने भाग जाणारच. तेव्हा एकांची मोजदाद मूळ संख्येत हवी, हे मुलांनाही पटेल. पण तेवढ्याने भागत नाही बरे! पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. तेरा फसतात, सतराही फसतात.

एकोणीस एकांची संख्या मात्र मूळ निघते. ऑस्कर होप्पे यांनी ते सिद्ध केले. सरळ भागाकार करून पाहायचे, तर सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागावे लागेल. असे भागाकार पाच कोटींहून अधिक. मिनिटाला एक केला, तरी रात्रंदिवस शंभर वर्षे! म्हणून गणिती आडवाटा शोधतात. एकोणीस एकांना भागू शकणाऱ्या मूळ संख्येला १९ ने भागल्यास बाकी १ च उरायला हवी; एवढ्यानेच बहुतेक सगळे उमेदवार गळतात. वरच्या २३९ ला ७ ने भागून पाहा, तिथेही बाकी १ च.

पुढे तेवीस एक जमतात. मग एकदम ३१७, तेही ह्यू विल्यम्स यांनी दाखवले. नंतर १०३१, १९८६ साली. २०२२ साली ४९,०८१ एकांची संख्या मूळ ठरली; तीसाठी संगणकच हवा. अशा संख्या कुठेतरी संपतात की संपतच नाहीत, हे अजून कुणालाच सिद्ध करता आलेले नाही.