डॉली चायवाला

डॉली चायवाला या नावाने ओळखले जाणारे सुनील पाटील हे महाराष्ट्रातील नागपूर शहरातले चहाविक्रेते आणि समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्ती आहेत. शहराच्या सदर भागातील त्यांची चहाची गाडी 'डॉली की टपरी' या नावाने परिचित आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक बिल गेट्स यांच्यासोबतच्या चित्रफितीमुळे त्यांचे नाव देशाबाहेर पोहोचले. ग्राहकांनीच केलेल्या चित्रीकरणातून रस्त्यावरचा एक लहान व्यवसाय कसा वाढू शकतो, याचे उदाहरण म्हणून या टपरीचा उल्लेख केला जातो.

टपरी आणि शैली

ही टपरी सदर भागात, विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानाजवळ आहे. चहा, नाश्ता आणि त्यासोबतच्या गप्पा हा नागपूरच्या रस्त्यावरील जीवनाचा नित्याचा भाग असल्याने येथे चहाच्या टपऱ्यांची वाण नाही. त्या गर्दीत पाटील वेगळे ठरले ते चहा देण्याच्या पद्धतीमुळे. उंचावरून दुधाची लांब धार सोडणे, हातातील वस्तू चपळाईने फिरवणे आणि पेला किंवा सुटे पैसे विशिष्ट लकबीने ग्राहकाच्या हाती देणे, ही या शैलीची वैशिष्ट्ये आहेत. रंगीत चष्मा, ठसठशीत केशरचना आणि भडक पोशाख ही त्यांची ओळख आहे. या शैलीवर दाक्षिणात्य चित्रपटांचा प्रभाव आहे.

समाजमाध्यमांवरील प्रसार

टपरीच्या प्रसिद्धीचा आरंभ खाद्यपदार्थांवर चित्रफिती करणाऱ्या व्यक्तींनी आणि सामान्य ग्राहकांनी केलेल्या चित्रीकरणातून झाला. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी घातली आणि जुलै २०२०मध्ये इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' ही सोय सुरू केली. त्यानंतर इन्स्टाग्राम आणि यूट्यूब ही लघु चित्रफितींची प्रमुख माध्यमे झाली. काही सेकंदांत पूर्ण होणारी, शब्दांवाचून समजणारी आणि प्रत्येक ग्राहकासाठी पुन्हा घडणारी कृती अशा चित्रफितींना अनुकूल असते. त्यामुळे टपरीवर येणारा ग्राहक चहा पिणारा आणि प्रसिद्धी करणारा अशा दोन्ही भूमिका बजावू लागला.

बिल गेट्स यांच्यासोबतची चित्रफीत

फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस भारतभेटीवर असताना बिल गेट्स यांनी पाटील यांच्याकडून चहा घेतानाची चित्रफीत स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावर प्रसिद्ध केली. साधा चहा करण्यातही भारतात नावीन्य आढळते, अशा आशयाचा मजकूर त्यांनी सोबत लिहिला होता. या चित्रफितीचे चित्रीकरण नागपुरात नव्हे, तर हैदराबाद येथे झाले होते. समोरची व्यक्ती कोण आहे याची आपल्याला त्या वेळी कल्पना नव्हती आणि नागपूरला परतल्यावर ती समजली, असे पाटील यांनी नंतर वृत्तसंस्थेला सांगितले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना चहा देण्याची इच्छाही त्यांनी व्यक्त केली होती.

फ्रँचायझी

जुलै २०२५मध्ये पाटील यांनी इन्स्टाग्रामवरूनच 'डॉली की टपरी'च्या फ्रँचायझीची घोषणा केली. त्यात गाडी, दुकान आणि मोठे प्रमुख दालन असे तीन प्रकार होते. गाडीसाठी सुमारे साडेचार ते सहा लाख, तर प्रमुख दालनासाठी सुमारे ३९ ते ४३ लाख रुपये इतकी गुंतवणूक जाहीर करण्यात आली. या घोषणेवर संमिश्र प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी तिचे स्वकष्टाने मिळवलेले यश म्हणून कौतुक केले, तर काहींनी औपचारिक शिक्षण आणि समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी यांच्या तुलनात्मक मूल्याविषयी प्रश्न उपस्थित केले.

व्यावसायिक वैशिष्ट्ये आणि मर्यादा

चहाच्या टपरीचे अर्थकारण एरवी रोजच्या गिऱ्हाइकावर चालते. एका पेल्यावरील नफा अल्प असल्याने जवळपासच्या कार्यालयांतील आणि दुकानांतील माणसे दिवसातून एकदा-दोनदा परत येणे महत्त्वाचे असते. चित्रफीत पाहून दूरवरून आलेला ग्राहक मात्र बहुधा एकदाच येतो. विक्री टिकवायची तर अशा नव्या ग्राहकांचा ओघ सतत चालू राहावा लागतो आणि तो काही अंशी माध्यमांच्या निवडप्रणालीवर अवलंबून असतो.

फ्रँचायझीत हा प्रश्न अधिक ठळक होतो. पुण्यातील अमृततुल्यांच्या परंपरेतून पुढे आलेल्या चहाच्या साखळ्यांमध्ये ठरावीक चव आणि पाककृती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेता येते. 'डॉली की टपरी'चे मुख्य आकर्षण मात्र विक्रेत्याचे व्यक्तिमत्त्व आहे आणि ती व्यक्ती प्रत्येक शाखेत उपस्थित राहू शकत नाही. नाव, सजावट आणि शैली यांची नक्कल करता आली, तरी शाखाचालकाला अखेर चहाची चव, स्वच्छता आणि माफक दर यांवरच स्थानिक गिऱ्हाईक जोडावे लागते.

हेही पाहा

नागपूर
अमृततुल्य
इन्स्टाग्राम
फ्रँचायझी