स्कर्व्ही

क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. शिडाच्या जहाजांच्या काळात दूरच्या सफरींवरील खलाशांचा हा कर्दनकाळ होता. माणसाचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवत नाही आणि अंगातला साठा एक ते तीन महिन्यांत सरतो. मग ऊतींना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन नीट तयार होत नाही. हिरड्या सुजून रक्त येते, दात हलतात, भरलेल्या जुन्या जखमाही उकलतात. खारवलेले मांस, कडक बिस्किटे आणि सुके वाटाणे या जहाजी शिध्यात पोट भरे, क जीवनसत्त्व मात्र मिळत नसे.

अरबी समुद्राने याचा ठळक दाखला पाहिला. वास्को द गामा मे १४९८ मध्ये नैर्ऋत्य वाऱ्यावर सुमारे २३ दिवसांत पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून मलबारला पोचला. परतताना मात्र ऑक्टोबरच्या आरंभी, ईशान्य वारे सुरू होण्याआधीच, त्याने कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून नांगर उचलला. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. सुमारे ३० माणसे दगावली. प्रत्येक जहाजावर कामाला सात-आठच उरले. मालिंदीला पोचताच आजाऱ्यांसाठी संत्री मागवली गेली. माणसे पुरेनात म्हणून पुढे एक जहाज जाळावे लागले.

म्हणजे उतारा ठाऊक होता. तो टिकवून नेणे जमत नव्हते. जेम्स लिंड या शल्यवैद्याने १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर १२ रोग्यांच्या सहा जोड्या करून सायडर, व्हिनेगर, समुद्राचे पाणीसुद्धा देऊन पाहिले. संत्री-लिंबे मिळालेल्या जोडीला झपाट्याने गुण आला. पुढे त्यानेच रस आटवून ठेवण्याची शिफारस केली आणि उष्णतेने त्यातला गुणच बराचसा उडाला! ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस १७९५ पासून सरसकट सुरू केला. १८६० नंतर भूमध्य सागराकाठच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची, आपल्या कागदी लिंबाच्या जातीची, लिंबे आली. त्यांच्या साठवलेल्या रसात क जीवनसत्त्व फारच कमी असे. १८७५–७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत रोग पुन्हा उफाळला. जीवनसत्त्वाची ओळख पटली ती १९३२ मध्ये.

आज गोळ्या आहेत. तरी लांबच्या सफरीसाठी शिडाच्या नौकेवर बटाटे, कोबी व लिंबे भरावीत. ताजे संपले की मूग-मटकी भिजवून मोड आणावेत: कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसते, मोड येताना ते तयार होते. मात्र मोड कच्चे किंवा जेमतेम वाफवूनच खावेत.