ज्ञानाचा नकाशा

देशाचा नकाशा काढणें एक वेळ सोपें. पण मनुष्यानें मिळविलेल्या ज्ञानाचा नकाशा कसा काढावयाचा? पाश्चात्य विद्वानांनीं या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत.

पहिलें उत्तर वृक्षाचें. इ. स. १६०५ मध्यें बेकननें स्मृति, कल्पना व बुद्धि या तीन मनःशक्तींस अनुसरून इतिहास, काव्य व तत्त्वज्ञान असे विद्येचे तीन विभाग पाडले. याच पायावर दिदरो व दालांबेर यांनीं १७५१ सालीं आपल्या फ्रेंच विश्वकोशाच्या पहिल्या खंडांत ज्ञानवृक्ष छापला. त्यांत ईश्वरविद्येच्या शेजारींच शकुन व जादूटोणा यांस जागा दिलेली होती! कोणती विद्या कोठें बसवावी हें बसविणाऱ्याच्या मतावर अवलंबून होतें, हें यावरून उघड होईल.

दुसरें उत्तर विसाव्या शतकांतलें. शास्त्रज्ञ आपल्या निबंधांत पूर्वसूरींचे आधार नोंदवितो. आपल्या परिभाषेंत ही ऋषिऋणाची कबुलीच होय. या सर्व ऋणांची एक खतावणी करावी, असें यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थानें १९५५ सालीं सुचविलें. जुन्या निकालांचा पुढें कोठें आधार घेतला गेला हें दाखविणारी सूची अमेरिकन वकिलांजवळ १८७३ पासून होती. तोच कित्ता त्यानें गिरविला. १९६५ सालीं डेरेक प्राइसनें अशा नोंदींवरून संशोधनाचें जाळें कसें विणलें जातें तें दाखविलें. आणि १९७३ मध्यें हेन्री स्मॉलनें जवळिकीची कसोटी सांगितली: ज्या दोन निबंधांचा आधार पुढील लेखक वारंवार एकत्र घेतात, ते परस्परांचे शेजारी. आतां एका पंडिताच्या मताची गरज उरली नाहीं. सर्वांच्या कबुलीवरूनच नकाशा उमटूं लागला.

तथापि खतावणींत नोंदलेलें तेवढेंच ऋण दिसतें. मेंडेलचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९०० पर्यंत त्याचें महत्त्व कोणास उमगलें नाहीं. १८९० सालीं असा नकाशा काढला असता, तर मेंडेलच्या जागीं बहुधा कोरा कागदच दिसला असता. आज तर या नोंदी मोजून अध्यापकांची योग्यताहि ठरवूं लागले आहेत. मराठींत लिहिलेल्या चांगल्या निबंधाचा आधार घेऊन आपणच त्याचा उल्लेख केला नाहीं, तर त्याचीहि गत तीच व्हावयाची. म्हणून हा नकाशा जरूर पाहावा. मात्र त्यांतील कोरी जागा ओसाड आहे असें समजूं नये, आणि आपलें स्वतःचें ऋण नोंदविण्यास चुकूं नये.