आठ ओवऱ्या, दोन पोढ्या

मुंबई-गोवा महामार्गाने महाडकडे येताना शहराच्या अलीकडे गांधारपाले लागतं. डोंगराच्या कड्यात ओळीने काळोखी तोंडं दिसतात. बहुतेक गाड्या ती बघून न बघितल्यासारखं करतात आणि पुढे निघतात. वर चढून जाणाऱ्यांपैकीही काही जण हिरमुसून उतरतात, कारण अजिंठ्याची चित्रं किंवा कार्ल्याची भव्य कमान इथे नाही.

पण पाले हे मुळात घाटवाटेवरचं ठिकाण. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या अंगाने उतरते, महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटला दोघींचं पाणी समुद्राला जातं. खाडीतून वर येणारा माल आणि घाटावरून खाली उतरणारे व्यापारी यांची गाठ याच पट्ट्यात पडे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातलं पालैपत्मई बंदर म्हणजे हेच पाले, असं काही अभ्यासक मानतात. व्यापारी आले की भिक्षू येत, आणि भिक्षूंना पावसाळ्यात छप्पर लागे. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत इथे सुमारे तीस लेणी खोदली गेली.

त्यांतलं सर्वांत मोठं पहिलं लेणं. त्याच्या ओसरीचे सहा खांब पाहावेत. बहुतेक नुसते चौकोनी ठोकळेच राहिलेत, छिन्नी अर्ध्यावर थांबलेली. आतल्या गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे, सोबत धर्मचक्र आणि हरणं. ती नंतरच्या काळातली. सुरुवातीच्या भिक्षूंसमोर मूर्ती नव्हती, स्तूप होता. उपासना बदलली तशी त्याच दगडात भर पडत गेली.

पाल्याचा खरा ऐवज मात्र अक्षरांत आहे. कानभोज विष्णुपालित या राजकुमाराने दिलेल्या दानाचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. त्यात लेणं, चैत्यगृह, आठ ‘ओवरक’ म्हणजे भिक्षूंच्या खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन ‘पोढी’ म्हणजे पाण्याची टाकी आणि लेण्याला जोडणारी वाट, अशी चोख यादी आहे. आठ आणि दोन हे आकडे अक्षरी लिहून पुढे अंकांतही दिलेत, धनादेशावर लिहावेत तसे. दोनसाठी शब्द आहे ‘बे’. पाढे पाठ केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. ‘ओवरक’चीच पुढे ओवरी झाली. आळंदी-जेजुरीच्या देवळांतल्या ओवऱ्यांत मुक्काम करणाऱ्या वारकऱ्याला हे नातं माहीत असायचं कारण नाही, पण शब्द तिथेच नांदतो.

टाक्यांकडे लक्ष द्यावं ते वेगळ्या कारणाने. महाडला पुराचं भय मोठं, पण कोकणातल्या कातळावर पावसाळा सरला की पाणी टिकत नाही. डोंगरात राहायचं तर पावसाचं पाणी दगडात साठवायलाच हवं. म्हणून दात्यांनी टाक्यांचीही मोजदाद केली.

पाण्याच्याच प्रश्नावर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला आले. 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं, 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्याच वर्षी सहकाऱ्यांसह त्यांनी महाडजवळचे प्राचीन बौद्ध अवशेषही पाहिले. तिथल्या दगडी बैठकांवर बसू नका, त्या भिक्षूंच्या असतील, असं त्यांनी सोबत्यांना सांगितल्याची नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. त्यांच्या बौद्ध धर्मांतराला तेव्हा अजून 29 वर्षं होती.

पालं पाहून झालं की सावित्रीपलीकडच्या कोल गावीही जावं. तिथली लेणी चिमुकली आहेत, कोरीवकाम जवळपास नाहीच. पण त्यांतलं एक शिवदत्ताची पत्नी, उपासिका धम्मसिरी हिने दिलेलं आहे, आणि तिचं नाव भिंतीवर कोरलेलं आहे.