पाकाची पारख : तिसगाव–मढी परिसरातली रेवडी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात, नगर–पाथर्डी रस्त्यावर तिसगाव आहे. गर्भगिरीच्या डोंगररांगेतले वृद्धेश्वर आणि कानिफनाथांची समाधी असलेली मढी ही दोन्ही नाथपंथी ठिकाणे येथून जवळ. मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि रंगपंचमीला गर्दीचा कळस होतो. गोपाळ, वैदू यांसारख्या फिरत्या जमाती वर्षातून एकदा येथे जमत, आपले तंटे मिटवत, सोयरिकी ठरवत. म्हणून मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. गाढवांचा बाजार ही या यात्रेची जुनी खूण. आणि परतताना पदरात बांधून न्यायचा प्रसाद म्हणजे रेवडी.

रेवडीला मुख्य जिन्नस दोनच लागतात: साखर किंवा गूळ, आणि तीळ. सगळे कसब पाकात आहे. कढईतले पाणी उडत जाते तसतसा पाक अधिक तापतो आणि दाट होतो. बोटांच्या चिमटीत एक तार निघाली की तो एकतारी पाक. दोन तारा सुटल्या की दोनतारी. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळू लागली की गोळीबंद. त्या वेळी उष्णता 112 ते 116 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. तिळाचे मऊ लाडू येथपर्यंतच्या पाकात होतात. रेवडीचा पाक बराच पुढचा, 150 अंशांच्या आसपासचा. पाण्यातून काढलेली गोळी ताटलीवर टाकली तर टण्ण वाजली पाहिजे आणि दाताखाली कटकन मोडली पाहिजे. दाताला चिकटली तर पाक कच्चा. करपट वास सुटला तर हातचा गेला. या दोन चुकांमधले अंतर फार थोडे असते, आणि ते ओळखणाऱ्याची किंमत भट्टीवर सर्वांत जास्त.

उतरवलेला पाक तुपाचा हात फिरवलेल्या फरशीवर ओततात आणि निवणाऱ्या कडा पुन्हा पुन्हा आत दुमडतात. हाताला जेमतेम सोसेल इतका तो निवला की त्याचा लोळा खुंटीवर टाकून ओढायचा, दुमडून परत खुंटीवर टाकायचा, परत ओढायचा. दर ओढीला त्यात थोडी हवा शिरते. काचेसारखा पिवळसर गोळा बघता बघता पांढरा आणि रेशमासारखा चकचकीत होतो, त्याचा दगडी टणकपणा जाऊन खुसखुशीतपणा येतो. मग लांब वळी करून तुकडे पाडायचे आणि गरम तिळात घोळायचे. तीळ गार असतील तर धरत नाहीत.

साखर मुळात कण धरणारी. पाडव्याच्या गाठींना आणि बत्ताशांना तेच हवे असते. रेवडीला मात्र कण चालत नाही. म्हणून साखरेच्या पाकात लिंबू पिळतात. आंबटामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो आणि उरलेल्या साखरेला कण धरू देत नाही. गुळात हे दोन्ही घटक आधीच असतात. त्यामुळे गुळाची रेवडी कणीदार होत नाही, पण हवेतला ओलावा ओढून लवकर सादळते. फाल्गुनातली कोरडी हवा रेवडीला मानवते. हीच यात्रा श्रावणात भरत असती तर हा प्रसाद टिकवणे अवघड झाले असते.

रेवडीतल्या या गुळा-साखरेची गोष्ट उसापासून सुरू होते. पूर्वी जिल्ह्यात ऊस विहिरींच्या पाण्यावर, मोटेच्या बळावर होई आणि त्याचा गूळ बने. 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली उसाचे मळे वाढले आणि हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालू लागला. पुढे 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पाथर्डी मात्र कोरडाच राहिला. तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी कारखाना उभा राहिला, तरी इथली हजारो माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जात राहिली. हंगाम उतरणीला लागतो तेव्हाच मढीची यात्रा येते. साखरेचा इतिहास लिहिताना कारखाने आणि धरणे सविस्तर येतात, हे कोयते एखाद्या ओळीत आटोपतात; हा अन्याय आहे.

पाकाच्या पायऱ्या इंग्रजी मिठाईवाल्यांनीही अशाच बोटांनी ठरवल्या. थ्रेड म्हणजे तार, सॉफ्ट बॉल म्हणजे गोळीबंद, हार्ड क्रॅक म्हणजे टण्ण वाजणारा पाक. थर्मामीटर नंतर आला. शब्दांच्या या जोड्या शाळेतही कामाला येतील. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. त्यात मुलांच्या हाती बहुधा ‘स्टिकी’ हा एकच शब्द पडतो आणि तोच गिच्च भाताला, चिवट पाकाला, बुळबुळीत भेंडीला पुरवावा लागतो. इंग्रजीत च्युई, गूई, स्लायमी असे निराळे शब्द आहेतच, पण अर्थांची नुसती यादी पाठ करून त्यांतला फरक कळत नाही. संक्रांतीच्या सुमारास शिक्षकांनी वर्गात एक शेगडी, वाटीभर गूळ आणि थंड पाण्याची ताटली मांडावी, आणि प्रत्येक पायरीचे मराठी नाव आधी व इंग्रजी नाव मागाहून फळ्यावर लिहावे. तिसगाव परिसरातल्या शाळांनी ही सुरुवात जरूर करावी.