उल्हास नदीचे रासायनिक प्रदूषण आणि न्यायालयीन लढा : जांभूळच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत येते. जांभूळ येथे ते उचलून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या केंद्रात शुद्ध केले जाते व नागरी वस्ती आणि कारखाने या दोहोंस पुरविले जाते. वरच्या अंगाला बदलापूर आहे, तर खालच्या अंगाला उल्हासनगरचा खेमाणी नाला उल्हासला व अंबरनाथहून येणारी वालधुनी कल्याणजवळ तिला मिळते. तुरटी, गाळणी व क्लोरीन यांमुळे गढूळपणा व जंतू दूर होतात. विरघळलेली रसायने मात्र बव्हंशी तशीच राहतात. त्यामुळे प्रदूषण उगमापाशी रोखणे, म्हणजेच कायद्याचा आधार घेणे, अपरिहार्य ठरते. हा आधार नागरिकांच्या हाती कसा आला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याची वाटचाल :
महाराष्ट्राने 1969 मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व 1970 मध्ये मंडळ स्थापन झाले. 1974 चा केंद्रीय कायदा राज्यात 1981 पासून लागू झाला. मात्र त्यातील कलम 49 नुसार मंडळाच्या तक्रारीशिवाय अथवा संमतीशिवाय न्यायालयास गुन्ह्याची दखल घेता येत नसे. 1988 च्या दुरुस्तीने 60 दिवसांची नोटीस देऊन कोणासही तक्रार करण्याची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये (सुभाष कुमार खटला) प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला, तर 1996 मध्ये (वेल्लोर खटला) ‘प्रदूषकाने किंमत मोजावी’ हे तत्त्व स्वीकारले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याने (2010) नुकसानभरपाईचा मार्ग खुला केला.

न्यायाधिकरणातील दावा :
‘वनशक्ती’ या संस्थेने 2013 मध्ये उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. दावा प्रलंबित असतानाच 2014 मध्ये उल्हासनगर येथे टँकरमधून वालधुनीत रसायन सोडले गेले व अनेक रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले. 2015 मध्ये न्यायाधिकरणाने स्थानिक स्वराज्य संस्था व सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना कोट्यवधी रुपये भरण्याचा आदेश दिला.

निष्कर्ष :
तक्रारीचा अधिकार मंडळाकडून नागरिकांपर्यंत येण्यास सुमारे दोन दशके लागली. दायित्वाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. नगरपालिका व महानगरपालिका यांच्यावर बसविलेली रक्कम अखेर करदात्यांच्याच तिजोरीतून जाते; म्हणजे जो दूषित पाणी पितो, तोच त्याची किंमतही मोजतो. भरपाईचा भार रसायन सोडणाऱ्यावरच पडेल, तेव्हाच हे तत्त्व जांभूळच्या पाण्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.